लाल चिंधीखालची गाठ

टक्.

रविवारच्या दुपारी घर कसं चिडीचूप होतं. त्या शांततेत टेबलाखाली काहीतरी जड फरशीवर पडलं.

"काय गं ते?" सूनबाईने कागदावरची नजर न काढता विचारलं.

"काही नाही," टेबलाखालून उत्तर आलं.

साडेचार वर्षांचं मूल "काही नाही" म्हणालं की हातातलं टाकून उठायचं असतं, हे कुठल्याही आईला शिकवावं लागत नाही. पण त्या दुपारी नवरा ड्यूटीवर होता, सासरे आतल्या खोलीत घोरत होते, गॅसवर काही उतू जात नव्हतं आणि दारावर कोणी नव्हतं. अशी दुपार महिन्यातून एखादी वाट्याला येते. सूनबाईने पाय थोडे आखडून घेतले, म्हणजे टेबलाखाली जे काही चाललं होतं त्याला जागा झाली, आणि ती पुन्हा लिहायला लागली. 'नगरबांधणीत पारंपरिक कलांचे स्थान' असं शीर्षक तिने तीनदा अधोरेखित केलं होतं. त्याखाली अजून काही नव्हतं.

टेबलाखाली भिंगरी बाहुलीसाठी झोका बांधत होती. भिंगरी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे, पण एका जागी कधी न थांबल्यामुळे ते आपसूकच चिकटलं होतं. झोक्याला दोरी लागते. आणि दोरी कोपऱ्यात खुंटीला टांगलेली होतीच, तिच्या टोकाला छान जडसा ओळंबासुद्धा. तोच मघाशी टक् करून पडला होता.

आता ती दोरी साधीसुधी नव्हती.

भिंगरीचे आजोबा म्हणजे गावातले शेवटचे दगडी पायऱ्यांचे मिस्त्री. दगड घडवणारे हात अजून होते दोन-चार, पण चढावर पायऱ्या बसवाव्यात तर मिस्त्रींनीच. त्यांची कामाची एक रीत होती. प्रत्येक कामाला नवी दोरी. काम देणाऱ्याला समोर उभं करायचं, नकाशावरची मापं मोठ्याने वाचायला लावायची आणि त्या मापांवर दोरीला चिंध्या बांधायच्या. दोरीच्या टोकापासून लाल चिंधीपर्यंत पायरीची उंची, निळीपर्यंत रुंदी. झालं. त्यानंतर काम संपेपर्यंत नकाशा उघडायचा नाही, आणि दोरीला टेप लावायची तर मुळीच नाही. दोरीला टेप लावणं म्हणजे मिस्त्रींच्या लेखी माणसाला तोंडावर खोटारडा म्हणणं.

"कागद भिजतो," ते म्हणत, "साहेब बदलतो. दोरी तीच राहते."

या दोरीच्या चिंध्या शनिवारीच बांधल्या होत्या. काम देणारी म्हणून समोर उभी होती सूनबाईच, कारण ती पालिकेत कनिष्ठ अभियंता होती. घरात सूनबाई, ऑफिसात मॅडम. स्वतःच्या सासऱ्यांसमोर उभं राहून तिने खणखणीत आवाजात वाचलं होतं, "उंची सोळा सेंटीमीटर!" आणि मिस्त्रींनी लाल चिंधी बांधताना असा चेहरा केला होता, जणू सूनबाई घरात पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं बोलली.

हे काम मिळवायला तिने काय काय खस्ता खाल्ल्या होत्या! खालच्या बाजारातून वरच्या वस्तीत जाणारा जुना जिना पार ढासळला होता. वर शाळा, वर दवाखाना. नवा जिना हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं, कसा हवा यावर कोणाचंच नव्हतं. ऑफिसात तिच्या समोरच्या टेबलावर बसणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे कॅटलॉग म्हणत, कारण त्यांच्या काखेत टाइल्सचा कॅटलॉग नाही असा दिवस कोणी पाहिला नव्हता. त्यांनी मिटिंगमध्ये एक टाइल सगळ्यांच्या हातात फिरवली होती. टाइलवर दगडाचा फोटो छापलेला.

"वारशाचा लुक," कॅटलॉग म्हणाले. "शेवाळसुद्धा छापलंय बघा कोपऱ्यात."

"अहो, पण आपल्याकडे खरा दगड आहे," ती म्हणाली होती. "खरा मिस्त्री आहे. शेवाळ आपोआप येईल."

मोठ्या साहेबांना ते वाक्य आवडलं. त्यांना एकूणच वाक्यं आवडत. "करा," ते म्हणाले, "पहिला टप्पा करून दाखवा. जमलं तर बाकीचे तिन्ही जिने दगडाचे. नाही जमलं तर त्या दगडांवर टाइल चिकटवून टाकू. आणि मॅडम, या विषयावर मला एक टिपण लिहून द्या. नगरबांधणी, पारंपरिक कला वगैरे. जरा भारदस्त."

तेच ते टिपण. ती लिहीत होती, आणि पायाशी भिंगरी दोरी गोल गोल फिरवून, जीभ बाहेर काढून, तिला येत होती ती एकमेव गाठ मारत होती. झोका काही जमला नाही. संध्याकाळी दोरी पुन्हा खुंटीवर गेली. गाठ सोडवायची कशी, हे भिंगरीला अजून शाळेत शिकवलेलं नव्हतं.

काम सोमवारी सुरू झालं आणि बघता बघता रंगात आलं. मिस्त्री सकाळी डोक्याला टॉवेल बांधून जात, आणि दिवसभर त्या चढावर छिन्नीचा टणत्कार चाले. सूनबाई एक दिवसाआड जाऊन बघून येई. सांधे बघे, पाया बघे, पाणी कुठे वाहून जातंय ते बघे, फोटो काढे. मोजण्याचा प्रश्नच नव्हता. मोजायला दोरी होती ना!

तिसऱ्या आठवड्यात एकदा भिंगरीला कडेवर घेऊन ती पहिल्या ओट्यापर्यंत, म्हणजे मधल्या सपाट जागेपर्यंत, चढून गेली आणि वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला धाप लागली नाही. एरवी घरच्या एका मजल्यात ती दोनदा "उतर गं बाई आता" म्हणायची. ती खाली आली, पुन्हा चढली. पायांना जणू कोणी खालून हात देत होतं.

त्याच दिवशी टिपण पूर्ण झालं. भरभरून लिहिलं तिने. 'पारंपरिक बांधणीत मानवी शरीराचा सूक्ष्म विचार दिसतो. पूर्वजांच्या मापांत पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण साठलेले असते. ही पायरी चढणाऱ्याची दमछाक करत नाही, त्याला वर बोलावते.' शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ती स्वतःवरच इतकी खूश झाली की भिंगरीला तिने दोन बिस्किटं जास्त दिली.

मोठ्या साहेबांनी ते टिपण एका सभेत वाचून दाखवलं. 'वर बोलावते'ला टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो आला आणि खाली ठळक अक्षरांत, 'पूर्वजांचे माप शहराला वाट दाखवेल'.

आणि त्याच दिवशी कॅटलॉग जिन्यावर गेले. नुसते गेले नाहीत, त्यांनी पायऱ्या मोजल्या.

"मॅडम," ते येऊन म्हणाले. आवाजात साखर होती. "नकाशात पहिल्या ओट्यापर्यंत पायऱ्या किती हो?"

"वीस."

"पंचवीस झाल्यात."

"काहीतरीच काय!"

"दोनदा मोजल्या. एकदा चढताना, एकदा उतरताना. ओटासुद्धा आखूड झालाय. मी आपलं साहेबांना कळवलंय. गुरुवारी पाहणी आहे." आणि ते कॅटलॉग उघडून शेवाळाच्या पानावर खूण घालायला लागले.

घरी आल्या आल्या तिने चपलाही न काढता खुंटीवरची दोरी खाली घेतली. मिस्त्री हातपाय धुऊन चहाला बसले होते. तिने पर्समधून टेप काढली, आणि मिस्त्रींच्या हातातला कप हवेतच थांबला.

"सूनबाई. दोरीला टेप?"

"बाबा, रागावू नका. एकदाच."

"माझ्या बापाने कधी लावली नाही, मी कधी लावली नाही..."

"पावणेतेरा," ती म्हणाली आणि टेप पुन्हा लावून बघितली. "बाबा, सोळाचं पावणेतेरा झालंय. आणि ही बघा ही, लाल चिंधीच्या खाली, ही एवढी मोठी गाठ कसली?"

"ती होय," मिस्त्री अगदी सहज म्हणाले. "ती तूच नाही का मारलीस?"

"मी?"

"सोमवारी हाताला लागली मला. म्हटलं, घरात कुठे अडकून दोरी तुटली असणार, सूनबाईने जोडली. गाठ तशी अडाण्यासारखीच मारली आहे, पण म्हटलं इंजिनिअर आहे, मापात बघूनच जोडली असणार."

"अहो, मग मला विचारायचं नाही का?"

"तू एक दिवसाआड येऊन बघत होतीस की! तुला दिसलं नाही?"

"मी कशाला मोजू? तुम्ही म्हणता दोरी चुकत नाही!"

"आणि तू म्हणतेस कागद चुकत नाही!"

एकीने दोरीवर भरवसा टाकला होता, दुसऱ्याने शिक्षणावर, आणि या दोन भरवशांच्या मधून पाच जास्तीच्या पायऱ्या सुखरूप बाहेर पडल्या होत्या.

"ती माझी गाठ आहे," दारातून आवाज आला. भिंगरी बाहुलीला उलटं धरून उभी होती. "झोक्याची. छान आहे ना?"

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत, आणि तेच सूनबाईला जास्त लागलं. ते एकदम म्हातारे दिसायला लागले. हात मांडीवर ठेवून बोटांकडे बघत राहिले.

"पंचवीस पायऱ्या," ते म्हणाले. "आयुष्यात एक दगड परत काढायची वेळ आली नव्हती. उद्या बुधवार, कामाला सुट्टी. गुरुवारी सकाळी जाऊन काढून टाकतो. साहेब यायच्या आत. लोक येऊन माझ्या दगडांना टाइल चिकटवणार असतील, तर मीच फोडलेले बरे."

"बाबा, थांबा जरा. मी सांगते साहेबांना खरं काय ते."

"काय सांगशील? मिस्त्रीला नातीची गाठ ओळखू आली नाही?"

बुधवार असाच गेला, कोणी कोणाशी धड न बोलता. नवऱ्याने दोघांचे चेहरे बघून हळूच विचारलं, "घरात काही झालंय का?" तर दोघंही एकदम म्हणाले, "काही नाही." भिंगरीने तेवढ्यात मान वर करून दोघांकडे पाहिलं. ते उत्तर तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

गुरुवारी सकाळी शाळेला सुट्टी निघाली, म्हणून भिंगरीचा हात धरून सूनबाई धावतपळत जिन्यावर पोचली, तर मिस्त्री घण घेऊन पंचविसाव्या पायरीवर उभे होते. पण फोडणार काय? त्यांना घण घेऊन चढताना बघून खालच्या चोवीस पायऱ्यांवर बायका येऊन बसल्या होत्या.

वरच्या वस्तीतल्या एक आजी होत्या, त्यांना सगळे गुडघेवाल्या आजी म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य गुडघ्यांपासून सुरू होई. त्या मधोमध पिशवी मांडून ठाण मांडून बसल्या होत्या.

"मिस्त्री, माझ्या गुडघ्यांनी सहा वर्षांत बाजार पाहिला नव्हता," त्या म्हणत होत्या. "आता रोज जातात. आमची सून म्हणते, घरात बसा की. गुडघे बसू देतील तर ना!"

"आजी, बाजूला व्हा. काम चुकलंय."

"तुमचं चुकलं असेल. आमचं बरोबर झालंय."

"वीसच्या जागी पंचवीस झाल्यात!"

"मग पाच आम्ही तुमच्याकडून भेट समजू," पाठीमागून एक बाळंतीण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तिची बाळगाडी आजवर दोघांना मिळून उचलावी लागे. आता ती एकटीच एकेक पायरी टप टप चढवत नेई.

एवढ्यात मोठे साहेब आले. मागे कॅटलॉग, त्यांच्या काखेत कॅटलॉग, हातात टेप. साहेबांचं पोट चांगलं पुढे आलेलं होतं आणि चढणं हा त्यांचा आवडता व्यायाम नव्हता, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. लिफ्ट बंद असली की ते घरूनच काम करत.

"मोजा," साहेब म्हणाले.

कॅटलॉग वाकले. "पावणेतेरा," ते विजयाने म्हणाले. पुढची पायरी. "पावणेतेरा." बायका पाय वर घेत होत्या, ते मोजत होते. दहाव्या पायरीपर्यंत विजय ओसरला, पंधराव्यापर्यंत कंबर धरली, विसाव्याला आवाज बारीक झाला. "पावणे... तेरा." पंचवीसच्या पंचवीस. एकही पायरी केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मागून साहेब नुसते बघत बघत चढत आले होते.

सूनबाई पुढे झाली. "साहेब, मला सांगायचंय. ही चूक आहे. नकाशात सोळा आहे. आमच्या घरी दोरीला..."

"चूक?" साहेब म्हणाले. "पंचवीस वेळा तीच? मॅडम, एकदा झाली तर चूक म्हणतात. पंचवीसदा झाली तर शैली म्हणतात."

"नाही साहेब, खरंच, दोरीला एक गाठ..."

"नियम काय म्हणतो?" साहेबांनी कॅटलॉगना विचारलं.

कॅटलॉग कंबर चोळत होते. "पायरी अठरापेक्षा उंच नको, असं म्हणतो."

"आणि कमी असली तर?"

"कमीबद्दल... नियम गप्प आहे."

साहेबांच्या लक्षात आलं की आपण पंचवीस पायऱ्या चढून आलो आहोत, आणि आपण बोलतो आहोत. मध्ये श्वासाला न थांबता बोलतो आहोत. त्यांनी छातीवर हात ठेवून पाहिला. मग ते मुकाट्याने खाली गेले आणि पुन्हा वर आले. गुडघेवाल्या आजींनी मान डोलावली. त्यांना हा अनुभव नवा नव्हता.

"पूर्वजांचं माप," साहेब हळूच म्हणाले. या वेळी सभेतल्यासारखं नाही, खरंच म्हणाले.

"हे पूर्वजांचं नाही, साहेब," मिस्त्री एकदम बोलले. घण अजून हातातच होता. "माझ्या बापाची पायरी सोळाची. आज्याची सोळाची. खोटं नाव मी दगडाला लावणार नाही. हे माप आमच्या घरातलं आहे. आमच्या घरात झालं ते."

"तेच तर मी म्हणतोय!" साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "घराघरांतून आलेलं! मॅडम, बाकीचे तिन्ही जिने याच मापाने. नकाशे बदलून आणा. आणि ओटा आखूड झालाय म्हणता, तर पुढचा लांब करा. माणसं बसतात, दिसतंय मला."

कॅटलॉगनी कॅटलॉग मिटला. मग इकडेतिकडे बघून तेसुद्धा हळूच एका पायरीवर टेकले.

संध्याकाळी घरी मिस्त्रींनी नवी दोरी काढली. रीत म्हणजे रीत; नव्या कामाला नवी दोरी. सूनबाई समोर उभी राहिली. टेप आणू का, असं विचारायचं धाडस तिला झालं नाही. तिने नकाशा उघडला आणि वाचलं, "उंची, पावणेतेरा सेंटीमीटर."

मिस्त्रींनी मान हलवली. "असं नाही. ज्या रीतीने झालं त्या रीतीने. आधी सोळा."

"उंची सोळा सेंटीमीटर!" ती म्हणाली, तितक्याच खणखणीत आवाजात.

त्यांनी लाल चिंधी बांधली. मग खाली, चिंधीच्या आणि टोकाच्या मध्ये, ते गाठ मारायला लागले. एकदा मारली, सोडली. पुन्हा मारली. चाळीस वर्षं दगडाला वळण लावलेली ती बोटं. त्यांची गाठ नीटस, घट्ट आणि भलतीच लहान यायची. तीनदा झालं. शेवटी त्यांनी दोरी पुढे केली.

"ये गं भिंगरे. तुझ्याशिवाय नाही व्हायचं."

भिंगरी बाहुली खाली ठेवून आली. दोरी मांडीवर घेतली, जीभ बाहेर काढली आणि गोल, गोल, गोल फिरवून गाठ मारली. मिस्त्री तिच्या बोटांकडे असे बघत होते, जसे कधीकाळी लहानपणी स्वतःच्या बापाच्या बोटांकडे बघत असतील. सूनबाईने तोंड फिरवून नकाशाची घडी घातली, ती नीट घातली जाईना.

"झालं," भिंगरी म्हणाली. मिस्त्रींनी गाठ चाचपली, दोरी हातभर ताणून धरली आणि कपाळाला लावली.

"आई," भिंगरी म्हणाली, "साहेब सकाळी म्हणाले ना, हे माप पूर्वजांचं आहे म्हणून?"

"हो गं."

"पण गाठ तर माझी आहे."

"हो."

भिंगरीने जरा विचार केला.

"मग आई, मी पूर्वज आहे का?"